नायट्रो शर्यती-ट्रकची जुळणी आणि दोषनिदान : एका हस्तगत ज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांच्या नोंदी विपुल आढळतात. यंत्र अडून बसल्यावर ते पुन्हा चालते करणाऱ्यांच्या नोंदी मात्र क्वचितच आढळतात. नायट्रो इंधनावर धावणारा रेडिओ-नियंत्रित शर्यतीचा ट्रक हे या उपेक्षेचे एक लहान पण बोलके उदाहरण होय. खऱ्या ट्रकच्या एक-दशांश वा एक-अष्टमांश आकाराचे हे वाहन केवळ खेळणे समजले जाते. वस्तुतः त्यात सुमारे दोन ते साडेतीन घनसेंटिमीटर क्षमतेचे टू-स्ट्रोक एंजिन असते. ते मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते आणि ते नीट चालविण्यासाठी लागणारे ज्ञान कोणत्याही माहितीपुस्तिकेत पूर्णपणे उतरलेले नाही. हे ज्ञान कशातून निर्माण झाले आणि ते दुर्मीळ का होऊ लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ठिणगीची वजाबाकी

या एंजिनाचा वंश विमानांच्या प्रतिकृतींशी जाऊन भिडतो. अमेरिकेत १९३४ मध्ये विक्रीस आलेले ‘ब्राउन ज्युनिअर’ हे एंजिन विजेच्या ठिणगीवर चालत असे. त्यासाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचे ओझे प्रतिकृतीला वाहावे लागे. मात्र ठिणगी केव्हा पडावी हे ठरविणारी एक छोटी दांडी चालकाच्या हाती होती. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे सर्व ओझे गळून पडले. या प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे सुरुवातीस सुमारे दीड व्होल्टच्या विजेने तापवावयाचे आणि एंजिनाने वेग घेतला की वीज काढून घ्यावयाची. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलच्या वाफेवरील प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया यांमुळे तार धगधगत राहते. इंधनवायू आणि हवा यांच्या मिश्रणात तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालेविना तेजस्वी राहते, हे हंफ्री डेव्ही यांनी १८१७ मध्येच दाखविले होते. एकशे तीस वर्षांनी ते निरीक्षण क्रीडांगणावर उतरले.

ठिणगीबरोबर ती दांडीही गेली, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रज्वलनाचा क्षण आता थेट ठरविता येत नव्हता. तारेची उष्णता, सिलिंडरमधील दाब, इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण आणि हवा-इंधनाचे मिश्रण यांच्या परस्परसंबंधातून तो आपोआप ठरू लागला. चालकाच्या हाती प्रामुख्याने उरल्या त्या कार्ब्युरेटरच्या दोन सुया, एक अधिक वेगासाठी आणि दुसरी मंद वेगासाठी. सुई एक-अष्टमांश फेरा फिरविली, की मिश्रण, तापमान आणि प्रज्वलनाचा क्षण ही तिन्ही एकदम सरकतात. रचना सोपी झाली, पण निदान अवघड झाले.

इंधनाचे रसायन

पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.४ आणि नायट्रोमिथेनला केवळ १.७. नायट्रोमिथेनच्या रेणूतच प्राणवायू असल्याने असे घडते. एक किलोग्रॅम नायट्रोमिथेन पेट्रोलच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकी उष्णता देते. परंतु तेवढ्याच हवेत ते कितीतरी अधिक जाळता येत असल्याने सिलिंडरमधील एकूण उष्णता दुपटीहून वाढते. डबा बदलला की सुयांची जुळणीही बदलावी लागते ती यामुळेच.

वंगण इंधनातच मिसळलेले असते. त्यात कृत्रिम तेलाबरोबर एरंडेल वापरण्याची प्रथा पहिल्या महायुद्धातील विमानांच्या एंजिनांइतकी जुनी आहे. एरंडीच्या उत्पादनात भारत, आणि भारतात गुजरात, अग्रस्थानी असल्याने या परक्या छंदाशी भारतीय शेतीचा असा एक अप्रत्यक्ष धागा जुळतो. वंगण इंधनाबरोबरच येत असल्याने मिश्रण विरळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, की वंगणही कमी पडते. या एंजिनांच्या अकालमृत्यूचे हे एक प्रमुख कारण होय.

दोषनिदानाची रीत

विरळ मिश्रणावर चालणारे एंजिन निकामी होण्यापूर्वी काही काळ सर्वाधिक वेगाने आणि सर्वांत सुरेल आवाजात धावते. नवख्या चालकाला हीच उत्तम जुळणी वाटते. काही फेऱ्यांनंतर एंजिन तापते, वेग सोडला तरी फेरे उतरत नाहीत, म्हणून चालक मंद गती ठरविणारा स्क्रू कमी करतो. लक्षण झाकले जाते, रोग तसाच राहतो आणि पुढच्या वळणावर ट्रक बंद पडतो. अनुभवी चालक प्रथम धूर पाहतो, कारण पूर्ण वेगातही निळसर धुराची बारीक रेघ मागे राहिली पाहिजे. मग तो कार्ब्युरेटरजवळची इंधननळी चिमटीत धरतो. एंजिन तत्काळ बंद पडले, तर मंद वेगाचे मिश्रण विरळ आहे. दोन-तीन सेकंदांत फेरे किंचित वाढून ते थांबले, तर जुळणी योग्य आहे. बराच वेळ चालत राहिले, तर मिश्रणात इंधन अधिक आहे.

पण सुयांना हात लावण्याआधी प्लग काढून त्याची तार पेटवून पाहणे, नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र नाही ना हे तपासणे आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी वा मागच्या झाकणाशी हवा शिरत नाही ना याची खात्री करणे आवश्यक ठरते. हवा शिरत असेल, तर सुया कितीही फिरविल्या तरी जुळणी टिकत नाही. कधी दोष एंजिनात नसतोच. रेडिओग्राहकाची बॅटरी उतरली की ट्रक आज्ञा मानीत नाही आणि चालक मात्र कार्ब्युरेटरला दोष देत राहतो. प्रत्येक ट्रकला वेगळा स्फटिक लावून लहरी वाटून घेण्याच्या काळात दोघांची लहर एकच निघाल्यानेही असे घडे. २.४ गिगाहर्ट्झ पद्धत रूढ झाल्यावर हा दुसरा घोळ मिटला.

एक-अष्टमांश आकाराच्या वाहनाची टाकी सामान्यतः १२५ घनसेंटिमीटरची असते. ती रिकामी होत जाते तसे शंभर ग्रॅमहून अधिक वजन उतरते आणि ट्रकचा तोल बदलतो. इंधनाची पातळी घसरल्याने मिश्रणही थोडे विरळ होत जाते. म्हणून भरल्या टाकीला सुई किंचित सैल ठेवावी लागते. शॉक अब्सॉर्बरमधील तेलाचा दाटपणा, डिफरन्शियलमधील तेल आणि चाकांचा कल यांची जुळणीही मैदान व हवामान पाहून ठरते. पण तिचे परिणाम बहुधा सुटे करून पाहता येतात. एंजिनाचे तसे नाही.

एका धातूचा सल्ला दुसऱ्याला

नव्या एंजिनाच्या घासणीविषयीचा वाद हा या ज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत रंजक भाग म्हणावा लागेल. लोखंडी वा कड्यांच्या पिस्टनच्या काळात नवे एंजिन भरपूर इंधनावर, थंड ठेवून चालवावे असा सल्ला रूढ होता आणि तो योग्यही होता. पुढे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी नळी अशी रचना आली. या नळीचे तोंड वरच्या बाजूस निमुळते असते. थंड असताना पिस्टन तिथे घट्ट अडकतो आणि पितळ तापून फुगल्यावरच जागा योग्य होते. असे एंजिन थंड ठेवून चालविले, तर ते घासले जाण्याऐवजी झिजते. तरीही जुना सल्ला दीर्घकाळ दिला जात राहिला. एंजिन गरम करावे, थोडे चालवावे, पिस्टन तळाशी ठेवून पूर्ण निववावे आणि पुन्हा तापवावे, ही रीत हळूहळू मान्य झाली. सल्ला देणाऱ्यांचे अज्ञान हे याचे कारण नव्हते. धातू बदलला होता आणि शब्द तेच राहिले होते.

१९९९ आणि त्यानंतर

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत शर्यतीचे नायट्रो ट्रक बहुधा सुट्या भागांच्या संचातून बांधले जात. अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीचा ‘आरसी१० जीटी’ हा त्यांपैकी प्रसिद्ध होय. जो बांधतो त्याला कोणता भाग कुठे आहे हे ठाऊक असते, त्यामुळे निदानाचे अर्धे शिक्षण बांधणीतच होत असे. १९९९ मध्ये ट्रॅक्ससचा ‘टी-मॅक्स’ आला. तो तयार बांधलेला, चारही चाकांवर चालणारा आणि मागेही जाणारा होता. त्याच्या अफाट यशाने हा छंद घराघरांत पोहोचविला. पण एंजिन तेच होते, दोन सुयांचे. पूर्वी बांधणीतून मिळणारे शिक्षण आता ट्रक बंद पडल्यानंतर सुरू होऊ लागले. याच सुमारास अवरक्त तापमापक स्वस्त झाले. पूर्वी एंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात उडतो ते पाहत. आता सुमारे १०० ते १३० अंश सेल्सिअस असा आकडा हाती आला. त्या आकड्याने काही एंजिने वाचविली हे खरे. मात्र दमट दिवशी किंवा वेगळ्या प्लगवर तोच आकडा निराळा अर्थ सांगतो, हे कळण्यास आवाज व धूर यांचाच आधार घ्यावा लागे.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रशरहित मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी यांनी वेगाची मक्तेदारी मोडली. बटण दाबताच धावणाऱ्या ट्रकपुढे सुया फिरविण्यात सकाळ घालविणे अनेकांना नकोसे झाले. युरोपात कायद्याचीही भर पडली. स्फोटकांची पूर्वद्रव्ये म्हणून नायट्रोमिथेनवर आधीच ३० टक्क्यांची मर्यादा होती. १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमनाने परवान्याविना सामान्य नागरिकास मिळणाऱ्या मिश्रणाची मर्यादा वजनाने १६ टक्क्यांवर आणली. आकारमानाने मोजल्यास हा आकडा आणखी खाली येतो. पंचवीस टक्क्यांच्या इंधनावर बेतलेल्या वह्यांतील नोंदी त्यामुळे तेथील चालकांना जशाच्या तशा उपयोगी राहिल्या नाहीत. एंजिनाच्या डोक्याखालील पातळ पत्र्याची एक चकती काढून दाब वाढवावयाचा, अधिक उष्ण प्लग बसवावयाचा, सुई थोडी आवळावयाची आणि मग नळी चिमटीत धरून दोन-तीन सेकंद ऐकत राहावयाचे, असा क्रम त्यांना नव्याने लावावा लागला.