ओटीतला कापूस, हातातले पैसे

मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक विषय बराच रंगला. हल्लीच्या पोरांना पैशाची किंमत नाही, अमेरिकेतली मुलं कशी पंधराव्या वर्षीच पेपर टाकतात, हॉटेलात बशा धुतात, आपल्याकडेही असं व्हायला हवं वगैरे वगैरे. वाचून गंमत वाटली. अहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शंभरावर वर्षं पोरं कामच करत आली आहेत! त्या कामातून त्यांच्या पदरात काय पडलं, हे मात्र कोणी विचारत नाही. तेवढ्यासाठी आज हे थोडं लांबण.

१९०५ पर्यंत आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याच्या दोनच वर्षं आधी मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, सुरू झाली होती. ती आली कापसासाठी. कापूस वाढला तसे जिन-प्रेस वाढले, आणि हंगामात तिथे माणसं लागू लागली. रेच्यांवर बहुतेक बायका, आणि आयांच्या मागोमाग पोरं. नाकातोंडात कापसाची धूळ.

कायदा नव्हता असं नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली होती. पण शंभराहून कमी माणसं असतील किंवा कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालत नसेल, तर तो कायदा लागूच नव्हता. हंगामी धंद्याला यापेक्षा मोठी पळवाट कोणती हवी? १८९१ मध्ये वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा, १९४८ मध्ये चौदा. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षं लागली. शेताला तर यातलं काहीच लागू नव्हतं. पऱ्हाटीत किती वर्षांचं पोर वाकलंय हे बघायला कोण येणार?

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अगदी वेगळा विचार चालला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं, आणि त्यांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च, निदान मास्तरांचा पगार, निघावा. हीच ती नई तालीम. शाळेचा खर्च मुलांच्या हातावर टाकला तर शाळेचा कारखाना होईल, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. मला ती शंका आजही खरी वाटते. सूत कातताना गणित शिकणं वेगळं आणि मास्तरांच्या पगारासाठी सूत कातणं वेगळं.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच प्रश्नाला दुसरीकडून हात घातला. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, शेतात राबत, बांधकामावर दगडमाती वाहत, आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे आता आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातला 'आणि' कोणाच्या लक्षात येत नाही. पोराच्या घामाचा पैसा पोराच्याच शिक्षणात जात होता, आणि घामाच्या दुसऱ्या टोकाला शाळा उभी होती. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आता घरचं सांगतो. आमच्या गावात वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू व्हायची. आधी वावरात सीतादही व्हायची, मग वेचणी. १९८४ च्या दिवाळीत मी नववीत होतो, ताई माझ्याहून मोठी. दोघंही दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायचो. कमरेला ओटी, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली, आणि संध्याकाळी काट्यापाशी रांग. सकाळच्या दवाने ओला झालेला कापूस जास्त भरतो म्हणून पहाटेच धावणाऱ्या बायका, आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारा वावराचा मालक! नफा, तोटा, घट हे शब्द पुस्तकात भेटायच्या आधी मला त्या काट्यापाशी भेटले. तेव्हा एकाधिकार योजना होती. कापूस घालणाऱ्याला सरकारी पैशाची वाट पाहावी लागे, पण वेचणाऱ्याची मजुरी बाजाराच्या दिवशी रोख.

पहिल्या बाजाराला मला सतरा रुपये मिळाले. आई म्हणाली, "तुह्ये तुह्यापाशी ठेव. वह्या घे, कंपास घे." ते पैसे मी निदान वीस वेळा मोजले असतील. दुकानदाराशी भाव करताना आवाज कसा बदलतो, हे मला तेव्हा कळलं. आजही पगाराचा मेसेज आला की तेवढा आनंद होत नाही, खरंच सांगतो.

ताईने माझ्याहून जास्त कापूस वेचला होता. तिचे पैसे किराण्यात गेले. त्यात वाईट कोणाचं होतं असं नाही, घरची गरजच तशी होती. पण सुट्टी संपली तसा मी शाळेत परत गेलो आणि तिची वेचणी दिवाळीनंतरही चालूच राहिली. संक्रांतीपर्यंत शाळेतून तिचं नाव कमी झालं होतं. वावर तेच, काटा तोच, मालकही तोच. कामाने मला जे दिलं ते तिला दिलं नाही. ग्रुपवरच्या मंडळींनी 'कामाचे फायदे' मोजताना घरातल्या दोन्ही पोरांचे हिशेब मांडावेत, एवढंच माझं म्हणणं.

आज कायदा बराच पुढे आला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही, शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार लावण्यापुरती सूट आहे. चौदा ते अठरा वयाला धोक्याची कामं बंद. धोका म्हणजे काय ते यवतमाळला शिकवायला नको. २०१७ च्या फवारणीत आपण काय गमावलं ते आठवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तो पंप देणं हे 'अनुभव' म्हणून कोणी मला पटवू नये.

ताईची नात यंदा अकरावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने यवतमाळात एका कापडाच्या दुकानात काम केलं, घड्या घालणं, बिलं लिहिणं असं. ताईने तिला पहिला प्रश्न विचारला, "पैसे कोणापाशी देतं व तू?" पोरगी म्हणाली, "माह्या खात्यात येते, आजी." ताईने पासबुक मागून घेतलं, चष्मा लावला आणि आकडा स्वतः वाचून पाहिला.