इंदूरच्या झांकीचं कूळ

इंदूर बघायला आलेल्या पाहुण्याची एका दिवसाची फेरी ठरलेली आहे. सकाळी राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, मग इतवारियातलं काच मंदिर, दुपारी लालबाग, तिथून महू नाक्यावरून आमच्या अन्नपूर्णा मंदिरात, दारातल्या हत्तींपाशी फोटो, आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस. ही फेरी मीही कित्येकांना घडवली आहे आणि पुढेही घडवीन. लालबाग होळकरांनी बांधला. काच मंदिर सर सेठ हुकुमचंदांचं. अन्नपूर्णा मंदिर 1959 साली स्वामी प्रभानंद गिरींनी स्थापलं. राजे झाले, शेटजी झाले, संन्यासी झाले. पण ज्याच्या पाळ्यांवर हे शहर पाऊण शतकाहून जास्त काळ चाललं, तो मिलचा कामगार या फेरीत कुठेच भेटत नाही.

त्याने उभी केलेली गोष्ट वर्षातून एकच रात्र दिसते. अनंत चतुर्दशीची झांकी.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. तिकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत डोळे लागतात ते मूर्तीकडे. इंदुरात गणपती पुढे असतो, आणि त्याच्यामागे ट्रॉल्यांवर रचलेले हलते देखावे येतात. कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचतो, हनुमान छाती फाडतो, रावणाची दहाही तोंडं माना वळवतात, आणि अलीकडे चांद्रयानही उडतं. सगळं हजारो दिव्यांत न्हालेलं. प्रत्येक मिलच्या झांकीपुढे आखाडे चालतात; लाठी, पट्टा, बनेठी फिरत असते. संध्याकाळी निघालेला हा चलसमारोह पहाटेपर्यंत चालतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं जागी असतात.

हे आलं कुठून? पहिला धागा अर्थात मिलचा. 1860 च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी संस्थानच्या पैशाने इंदुरात कापडाची मिल उभारायला घेतली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. मिलची यंत्रं घाटरस्त्याने हत्तींकरवी ओढून आणली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रेल्वेसाठी याच तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले, आणि खांडव्याहून नर्मदा ओलांडून रूळ इंदूरला आले. माळव्याची काळी जमीन कापूस पिकवत होतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा मिल एकामागून एक उभ्या राहिल्या. माणसं आली उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून, खानदेशातून. परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिलचा भाग, असं शहराचं दुसरं अंग ईशान्येला वाढलं. आमचं अन्नपूर्णा-सुदामानगर बरोबर उलट्या टोकाला आहे, आणि म्हणूनच इकडच्या घरांत मिलची आठवण विरळ असावी.

दुसरा धागा आपल्या ओळखीचा. 1893 नंतर टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव महाराष्ट्रभर पसरला. इंदूर मराठी होळकरांची राजधानी. राजवाड्यात गणपती आधीपासून बसत होता. मिलमध्ये तो बसला 1920 च्या दशकात, आणि झांकीचा पहिला मान परंपरेने हुकुमचंद मिलला दिला जातो. सुरुवातीच्या झांक्या बैलगाड्यांवरून निघत. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मिलचा मालक जैन, उत्सव मराठी वळणाचा, आणि गाडीवरचा देखावा ज्यांनी रचला त्यांतले अनेक जण रामलीला पाहत वाढलेले. तिघांपैकी एकाच्याही घरी ही गोष्ट अशा रूपात आधी नव्हती.

तिसरा धागा त्याहून जुना आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. माळव्यात भाद्रपद शुद्ध एकादशीला डोल ग्यारस असते. देवळातले देव सजवलेल्या डोलात बसून जलाशयावर जातात, पुढे आखाडे, मागे दर्शनाला लोक. अनंत चतुर्दशीच्या अवघे तीन दिवस आधी हे घडतं. देवाला सजवून रस्त्यावर आणायचं आणि लोकांनी ओट्यांवर, गच्च्यांवर उभं राहून पाहायचं, हा सराव शहराला होताच. व्यायामशाळांना होळकरांचा आश्रय होता, त्यामुळे आखाडेही तयार होते. मिल कामगाराने यात स्वतःची एक भर घातली, आणि तीच निर्णायक ठरली: यंत्र.

झांकीच्या खाली वाकून एकदा बघा. वर मखमल, जरी, रंगवलेलं कापड. खाली लोखंडी अँगलचा सांगाडा, एक मोटर, पट्टा, दोन-तीन पुल्या आणि एक दट्ट्या. मोटर एकाच दिशेने गरगरते, पण चाकाच्या कडेला जोडलेला दांडा पुढे-मागे होतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला हनुमानाचा हात बांधलेला असतो. कापड विणणाऱ्या मागातही फिरणाऱ्या दांड्याची चाल अशीच पुढे-मागे होणाऱ्या हालचालीत बदलते. जो फिटर दिवसा माग दुरुस्त करी, त्याला रावणाची मान वळवणं अवघड नव्हतं. दिव्यांचंही तसंच. पळते दिवे दाखवायला एक फिरता ढोल वापरत. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत, ढोल फिरला की पट्टी तारेला लागे, एक रांग पेटे, पुढची पट्टी आली की दुसरी. आता हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. शहरातल्या कितीतरी घरांत कंदील होते, त्या काळात मिलच्या कामगारांनी रस्त्यावर हा उजेड आणला. लोक रात्रभर का उभे राहत, हे यावरून कळतं.

खर्च वर्गणीचा होता. कामगार पगारातून देई, मालक आपला वाटा घाली, आणि मिलमिलमध्ये चुरस लागे की पहिलं बक्षीस कुणाला. कामगार संघटनांचं या उत्सवाशी घट्ट नातं होतं. इंदूरची कामगार चळवळ जोरदार होती. व्ही. व्ही. द्रविड पुढे मध्य प्रदेशचे श्रममंत्री झाले, रामसिंगभाई वर्मा खासदार झाले, कम्युनिस्ट होमी दाजी 1962 साली लोकसभेवर गेले. गुलझारीलाल नंदांच्या नावाने नंदानगर ही कामगारवस्ती झाली. संपात एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या संघटनांची माणसं झांकीच्या मांडवात एकत्र राबत.

मग मिल गेल्या. 1974 च्या कायद्याने मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या, तरी त्याही तरल्या नाहीत. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली. 5,895 कामगारांची देणी अडकली ती पुढची बत्तीस वर्षं. 25 डिसेंबर 2023 रोजी 224 कोटी रुपयांचा धनादेश निघाला, तेव्हा त्यातले कितीतरी हात ते पैसे घ्यायला उरले नव्हते. बायका आणि मुलं रांगेत होती.

ही बत्तीस वर्षं हुकुमचंद मिलची झांकी निघत होती. मिलला मालक नाही, पगार नाही, भोंगा नाही, आणि अनंत चतुर्दशीला मिलच्या नावाची पाटी लावलेली ट्रॉली रस्त्यावर. बंद मिलचे कामगार आणि त्यांची मुलं दारोदार वर्गणी मागत, विकास प्राधिकरण आणि महापालिका मदत देत, ती कधी वेळेवर येई, कधी उशिरा. बाकीच्या बंद मिलची कथाही हीच. करोनाची दोन वर्षं सोडली तर परंपरा मोडली नाही. शंभरीसुद्धा बंद मिलच्या कामगारांनीच साजरी केली. हक्काच्या पैशासाठी कोर्टात झगडणाऱ्या माणसाने त्याच मिलच्या नावाने वर्गणी काढावी, याचं मला आजही आश्चर्य वाटतं आणि त्याहून जास्त आदर वाटतो.

जगात अशी भावंडं आहेत. इंग्लंडच्या डरहॅममध्ये 1871 पासून कोळसा खाणकामगारांचा मेळा भरतो. प्रत्येक खाणीचं रेशमी निशाण, पुढे पितळी वाद्यांचा ताफा. तिथली शेवटची खाण 1993 साली बंद झाली. निशाणं अजून निघतात, आणि नामशेष खाणींची जुनी निशाणं लोक वर्गणीतून नव्याने करवून घेतात. बेल्जियममधलं शार्लरवा हे कोळशाचं दुसरं शहर. 2008 साली एका डच दैनिकाच्या वाचकांनी त्याला जगातलं सर्वांत कुरूप शहर ठरवलं. आज तिथे लोक कोळशाच्या खाणमातीचे हिरवे झालेले डोंगर चढायला येतात, आणि 1956 साली जिथे आगीत 262 कामगार गेले ती ब्वा द्यू काझ्ये खाण संग्रहालय होऊन 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या लोकांनी खाणीचं दार, वरची चाकं, मृतांची नावं सगळं जपलं. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात मॉल उभे राहिले, आणि हुकुमचंद मिलची सुमारे बेचाळीस एकर जमीनही विकासासाठी गेली. चिमणी जपा, एक शेड जपा, तिथे जुन्या झांक्यांचे सांगाडे आणि फिरते ढोल मांडा, एवढी मागणी इंदूरने करायला हवी होती. अजूनही करता येईल. राजवाडा 1984 च्या आगीनंतर पुन्हा उभारला, तर एका शेडला जागा मिळणं अशक्य नाही.

पाहायला यायचं असेल तर भंडारी मिलकडून निघालेला समारोह जेल रोड, एम. जी. रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार करत राजवाड्याला येतो. राजवाड्यासमोर गर्दी जास्त, झांकी उशिरा. जेल रोडला सुरुवातीलाच उभं राहिलात तर सगळे आखाडे ताज्या दमाचे दिसतील. आणि जमलं तर आदल्या दिवशी जिथे झांक्या बांधत असतात तिथे जा. तेव्हा देव अजून अर्धे रंगवलेले असतात आणि म्हातारा फिटर ट्रॉलीखाली पट्टा ताणत बसलेला असतो. त्याला विचारा, तो कुठल्या खात्यात होता, तो सांगेल.