दोन भाषांचें शहर : मॉन्ट्रियल



परक्या शहरांत पाऊल टाकतांच प्रवाशाची पहिली ओळख होते ती तेथील पाट्यांशीं. माणसें मागाहून भेटतात. कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं मी प्रथम गेलों तो टोरोंटोहून आगगाडीनें. सकाळपासून खिडकीबाहेर इंग्रजी पाट्या धांवत होत्या. दुपारीं केव्हां तरी प्रांताची सीमा ओलांडली गेली आणि गांवांचीं, रस्त्यांचीं, दुकानांचीं नांवें एकाएकीं फ्रेंच झालीं. देश तोच, नाणें तेंच, गाडीही तीच. पण जणूं शेजारच्या घरांत आपण भिंतींतूनच शिरलों!

स्थानकाबाहेर पहिल्याच चौकांत लाल अष्टकोनी पाटीवर 'आरे' हा शब्द दिसला. 'थांबा' या अर्थाचा हा फ्रेंच शब्द. खरी गंमत पुढेंच आहे. खुद्द फ्रान्समध्यें याच पाटीवर 'स्टॉप' हा इंग्रजी शब्द असतो. पॅरिसचा गृहस्थ आठवड्याच्या अखेरीस खुशाल 'वीकएंड' म्हणतो. मॉन्ट्रियलचा गृहस्थ मात्र 'फँ द स्मेन' असें अस्सल फ्रेंच बोलतो. कुळाचाराविषयीं माहेरचीं माणसें जितकीं सैल असतात, तितकी दूरदेशीं दिलेली लेक नसते, हा आपल्याकडील अनुभव मला तेथें आठवला.

दुसरी ओळख झाली ती एका लहानशा कॉफीगृहांत. फळीमागच्या मुलीनें हंसून म्हटलें, 'बोंझूर-हाय !' हे दोन शब्द नव्हेत, एकाच श्वासांत उच्चारलेला एकच शब्द. आपण ज्या भाषेंत उत्तर द्याल ती भाषा पुढें चालू होते. कॉलेजांत असतांना तीन वर्षें घोकलेलें फ्रेंच मीं मोठ्या उमेदीनें बाहेर काढलें. माझें अर्धें वाक्य तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि अत्यंत सौजन्यानें निर्दोष इंग्रजींत विचारलें, साखर किती घालूं ? इतका गोड पराभव माझ्या वांट्याला क्वचितच आला असेल.

पुढें कळलें कीं, या निरुपद्रवी दिसणाऱ्या अभिवादनावर क्वेबेक प्रांताच्या विधिमंडळांत चर्चा झालेली आहे. २०१७ सालीं त्या सभेनें एकमतानें ठराव केला कीं, दुकानदारांनीं गिऱ्हाइकाचें स्वागत नुसत्या 'बोंझूर' नें करावें. १९७७ च्या भाषाविषयक कायद्यानें क्वेबेकची अधिकृत भाषा फ्रेंच ही एकच आहे, आणि म्हणून मॉन्ट्रियलही कागदोपत्रीं फ्रेंच शहर आहे. पण त्या शहरांतील निम्म्याहून अधिक लोकांना दोन्ही भाषा येतात. कायद्यानें एकभाषी आणि व्यवहारानें द्विभाषी असें हें नगर आहे. 'हाय' या एका अक्षरानें विधिमंडळाला चिंता कां वाटावी, हें समजावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

मागें जाण्यास तेथें फार श्रम पडत नाहींत, कारण जुन्या मॉन्ट्रियलमध्यें इतिहास रस्त्यावरच उभा आहे. झाक कार्तिए चौकांत नेल्सनचा स्तंभ आहे. तो १८०९ सालचा, म्हणजे लंडनच्या ट्रफाल्गर चौकांतील सुप्रसिद्ध स्तंभाहून कितीतरी जुना. हा दर्यावर्दी वीर येथें नदीकडे पाठ करून उभा आहे. त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, १९३० सालीं व्होक्लँ या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याचा पुतळा उभारला गेला. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनीं दोन राष्ट्रांचे दोन नाविक एकमेकांकडे पाहत आहेत. मधून पर्यटक आइसक्रीम खात जातात. थोड्या अंतरावर नोत्र-दाम हें भव्य कॅथलिक देवालय आहे. १८२९ सालीं उघडलेल्या त्या देवालयाचा शिल्पज्ञ जेम्स ओडॉनेल हा आयर्लंडांत जन्मलेला प्रॉटेस्टंट ! मरणापूर्वीं तो कॅथलिक झाला आणि आपण बांधलेल्या वास्तूच्या तळघरांतच त्याला चिरविश्रांति मिळाली. सॅं-लोराँ नांवाचा राजमार्ग शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो व घरांचे क्रमांक तेथूनच दोन्हीकडे सुरू होतात. स्थूलमानानें पश्चिमेस इंग्रज आणि पूर्वेस फ्रेंच अशी वांटणी पिढ्यान् पिढ्या चालली. आणि मधल्या पट्ट्यांत, दोहोंपैकीं कोणाचेच नसलेले ज्यू, इटालियन, ग्रीक व पोर्तुगीज येऊन राहिले.

झाक कार्तिए हा फ्रेंच प्रवासी १५३५ च्या ऑक्टोबरांत येथें आला. त्या वेळीं ओशेलागा नांवाचें मूळच्या रहिवाशांचें तटबंदीचें गांव या बेटावर होतें. त्यांच्यासह तो टेंकडीवर चढला आणि त्या टेंकडीला त्यानें 'राजगिरी' या अर्थाचें फ्रेंच नांव दिलें. (आपल्या रायगडाशीं या नांवाचें नातें केवळ अर्थापुरतें, पण मराठी माणसाचा कान तेवढ्यानेंही टवकारतो.) १६४२ सालीं मेझोन्नव्ह आणि झान मांस यांनीं तेथें फ्रेंच वसाहत स्थापिली, आणि ८ सप्टेंबर १७६० या दिवशीं ती इंग्रजांच्या स्वाधीन झाली. ज्या युद्धांत हें घडलें, त्याच युद्धांत फ्रेंचांचें पाँडिचेरीही पडलें. तें जानेवारी १७६१ मध्यें, पानिपतच्या रणसंग्रामाच्या त्याच आठवड्यांत. आपले इतिहासकार त्या आठवड्याकडे एका बाजूनें पाहतात. सदाशिवरावभाऊ पडले तेव्हां फ्रेंचांचें साम्राज्यही दोन खंडांत कोसळत होतें, हें चित्र एकत्र पाहण्याची संवय आपल्याला नाहीं.

जिंकलेल्या फ्रेंच प्रजेला इंग्रजांनीं १७७४ च्या कायद्यानें तिचा धर्म व दिवाणी कायदा राखूं दिला. यांत औदार्य किती आणि दक्षिणेकडील अमेरिकन वसाहतींतील असंतोषाची धास्ती किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पुढें ब्रिटनहून व्यापारी, कारागीर आणि मजूर लोटले, आणि १८३१ च्या सुमारास मॉन्ट्रियलमध्यें इंग्रजी बोलणारांचें बहुमत झालें. तें सुमारें १८६५ पर्यंत टिकलें. शहराची नवी राजमुद्रा झाली ती याच काळांत. १८३३ सालीं पहिला नगराध्यक्ष झाक व्हिजे यानें तीवर इंग्रजांचें गुलाब, स्कॉचांचें काटेरी फूल, आयरिशांचें त्रिदळ आणि फ्रेंचांसाठीं बीव्हर हा प्राणी बसविला. तिघांना फुलें-पानें आणि एकाला जनावर ! फ्रेंचांचें लिलीपुष्प तेथें येण्यास १९३८ साल उजाडलें. आणि ज्यांचें बेट होतें त्या मूळ रहिवाशांची खूण, श्वेत पाइन, २०१७ सालीं उमटली.

आतां मीं आज ज्यासाठीं बोलावयाचें ठरविलें त्या गोष्टीकडे येतों.

१८३७-३८ सालीं फ्रेंच कॅनडांत बंड झालें व तें मोडलें गेलें. चौकशीसाठीं लॉर्ड डरहॅम आला. १८३९ च्या आपल्या अहवालांत त्यानें असें मत दिलें कीं, या फ्रेंच लोकांना ना इतिहास, ना वाङ्मय. तेव्हां त्यांना इंग्रजींत मिसळून टाकणें हेंच त्यांच्या हिताचें. मेकॉलेसाहेबांची याद यावी असाच हा सूर, आणि वर्षांचें अंतरही चारांचेंच. त्याला उत्तर म्हणून गार्नो या फ्रेंच लेखकानें कॅनडाचा इतिहासच लिहावयास घेतला. पण तत्पूर्वीं १८४० च्या कायद्यानें दोन प्रांत एक झाले आणि विधिमंडळाच्या दप्तराची भाषा इंग्रजी ही एकच ठरली.

यांतून मार्ग निघाला तो दोन पुढाऱ्यांच्या मैत्रीनें. १८४१ च्या निवडणुकींत लुई-इपोलित लाफोंतेन हा फ्रेंच पुढारी गुंडगिरीमुळें आपल्याच मतदारसंघांत पडला. तेव्हां टोरोंटोच्या रॉबर्ट बाल्डविन यानें त्याला आपल्या इंग्रजी मुलुखांतून निवडून आणलें. पुढें बाल्डविनवर तशीच वेळ आली, त्या वेळीं, १८४३ सालीं, फ्रेंच रिमूस्कीनें त्याला निवडून दिलें. १८४२ मध्यें लाफोंतेन सभागृहांत फ्रेंचमधून बोलूं लागला, तेव्हां एका सभासदानें त्यास इंग्रजींत बोलण्यास सुचविलें. इंग्रजी मला फ्रेंचइतकीच अवगत असती तरीही माझें पहिलें भाषण मी माझ्या लोकांच्या भाषेंतच केलें असतें, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. सहा वर्षांनीं, १८४८ त, भाषेचें तें कलम ब्रिटिश पार्लमेंटनें रद्द केलें. १८ जानेवारी १८४९ रोजीं मॉन्ट्रियल येथें (तेव्हां संयुक्त कॅनडाची राजधानी तेथें होती) गव्हर्नर-जनरल लॉर्ड एल्जिन यानें उद्‌घाटनाचें भाषण प्रथम इंग्रजींत आणि मग फ्रेंचमध्यें वाचलें.

पण गोष्ट येथेंच संपली नाहीं. बंडाच्या काळांत खालच्या कॅनडांत ज्यांच्या मालमत्तेची नासधूस झाली त्यांना भरपाई देण्याचें विधेयक लाफोंतेन-बाल्डविन मंत्रिमंडळानें संमत करून घेतलें. वरच्या कॅनडाला अशी भरपाई पूर्वींच मिळाली होती. तरीही मॉन्ट्रियलचे इंग्रज खवळले. बंडखोरांना बक्षीस ! त्यांतच धान्यकायदे रद्द झाल्यामुळें इंग्लंडच्या बाजारांतील त्यांची जुनी सवलत गेली होती, आणि भाषेच्या रागांत पैशाचा राग मिसळला होता. २५ एप्रिल रोजीं एल्जिननें विधेयकास मंजुरी दिली. तो बाहेर पडतांच त्याच्या गाडीवर अंडीं फुटलीं. त्याच सायंकाळीं शां-द-मार्स मैदानावर जमाव जमला, सभागृहावर चालून गेला, दगडफेक झाली, दिवे फुटले आणि इमारत पेटली. ग्रंथालयांत वीस हजारांहून अधिक ग्रंथ होते. वांचले ते सुमारें दोनशे. राणी व्हिक्टोरियाचें भव्य तैलचित्र मात्र चौघांनीं ओढून बाहेर काढलें. त्या चौघांत सँडफर्ड फ्लेमिंग नांवाचा एक तरुण होता; पुढें जगाला प्रमाणवेळेची व्यवस्था सुचविणारा तो हाच. चित्र वांचलें आणि पुस्तकें जळलीं, हें मला सारखें खुपत राहिलें.

कांहीं दिवसांनीं एल्जिन पुन्हा शहरांत आला तेव्हां त्याच्या गाडीवर दगडांचा वर्षाव झाला. तरी त्यानें विधेयक मागें घेतलें नाहीं, आणि लष्कराच्या बळावर दंगा चिरडण्याचेंही टाळलें. आपल्या राजनिष्ठेचा डंका पिटणारे तेच इंग्रज व्यापारी त्याच ऑक्टोबरांत अमेरिकेंत सामील होण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करूं लागले ! त्या सह्यांत जॉन ॲबट याचीही सही होती. १८९१ त तोच कॅनडाचा पंतप्रधान झाला. राजधानी मॉन्ट्रियलमधून हालली ती कायमची.

हा एल्जिन आपल्या परिचयाचा आहे. १८६२ सालीं तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि २० नोव्हेंबर १८६३ रोजीं धर्मशाळा येथें मरण पावला. त्याची कबर तेथील चर्चच्या आवारांत देवदारांच्या छायेंत आहे. मॉन्ट्रियलमध्यें दगड सोसून दुसऱ्याच्या भाषेचा मान राखणारा हा गृहस्थ; पण १८६० त पेकिंगजवळील चिनी सम्राटाचा ग्रीष्मप्रासाद जाळण्याचा हुकूम सोडणाराही हाच. मॉन्ट्रियलचा जळता ग्रंथसंग्रह त्याला त्या दिवशीं आठवला असेल काय, कोण जाणे !

मॉन्ट्रियलच्या बाहेर मंकलंड्स नांवाच्या बंगल्यांत त्याचा मुक्काम असे. आगीनंतर तीनच आठवड्यांनीं, १६ मे १८४९ रोजीं, त्याला मुलगा झाला. बाहेर दंगल आणि घरांत पाळणा. त्या मुलाचें नांव राणीवरून व्हिक्टर ठेवलें. बापाप्रमाणें तोही हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, १८९४ ते १८९९ पर्यंत. म्हणजे पुण्याचा प्लेग, रँडचा खून आणि लोकमान्यांवरील राजद्रोहाचा पहिला खटला हीं सारीं ज्याच्या कारकीर्दींत घडलीं तो लॉर्ड एल्जिन जन्मानें मॉन्ट्रियलकर! बापानें ज्या शहरांत बंडखोरांना भरपाई दिली म्हणून अंडीं खाल्लीं, त्या शहरांत जन्मलेल्या मुलाच्या राज्यांत एका संपादकाला लेखांबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

त्यानंतरच्या मॉन्ट्रियलचा इतिहास मी थोडक्यांत उरकतों. फ्रेंचांची संख्या पुन्हा वाढली, पण पेढ्या व कारखाने बराच काळ इंग्रजीच बोलत राहिले. १९६० नंतर क्वेबेकांत मोठा पालट झाला. १९७७ चा कायदा आला, कांहीं मोठ्या कंपन्या टोरोंटोस गेल्या, आणि १९९५ च्या लोकमतांत क्वेबेकचें वेगळें राष्ट्र व्हावें कीं नाहीं हा प्रश्न टक्क्याच्या जेमतेम अंतरानें 'नाहीं' असा सुटला. दुकानांच्या पाट्यांवर दुसरी भाषा चालते, मात्र फ्रेंच अक्षरें ठळक हवींत. माझा एक मित्र या कायद्याला संकुचित म्हणतो. डरहॅमचा अहवाल वाचल्यावर मला तसें म्हणवत नाहीं. अर्थात् कॉफीगृहांतील त्या मुलीच्या 'हाय' वर आक्षेप घेणेंही मला जमत नाहीं.

शेवटच्या दिवशीं मी युव्हील चौकांत गेलों. जळलेलें सभागृह येथेंच होतें. त्या जागीं पुढें अनेक वर्षें मोटारी उभ्या राहत असत. अलीकडे जवळच्या वस्तुसंग्रहालयानें तेथें उत्खनन केलें, तेव्हां इमारतीचा पाया लागला आणि मातींत पुस्तकांचे जळके अवशेषही सांपडले. मी उभा होतों तेवढ्यांत एका शाळेचीं मुलें आलीं. शिक्षिका फ्रेंचमधून सांगत होत्या. मुलें आपसांत घडींत फ्रेंच, घडींत इंग्रजी बोलत होतीं. आणि मागें रेंगाळलेल्या दोन मुली तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेंत कुजबुजत होत्या.