मैदानात न जिंकता येणारी लीग

माझी मोठी बहीण न्यू जर्सीत राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, अगदी लहानपणापासून सॉकर खेळते. (तिथे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा तो दुसराच खेळ. त्यामुळे या लेखात मीही सॉकरच म्हणणार, इलाज नाही.) काही वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज पडलेला.

"अरे, हिची लीग गेली."

"म्हणजे? हरल्या का?"

"हरतायत कुठल्या! गटात दुसऱ्या आल्यात. पण पुढच्या सीझनच्या यादीत क्लबचं नावच नाही. क्लबलाच काढलंय."

"दुसऱ्या आलेल्यांना काढतात?"

"इथे तसंच असतं बाबा."

आता "इथे तसंच असतं" हे उत्तर प्रोग्रामर माणसाला पचत नाही. सिस्टिम विचित्र वागत असेल तर कुणीतरी, कधीतरी, काहीतरी कारणाने ती तशी लिहिलेली असते. मग काय, पुढचे दोन-तीन वीकेंड मी हा कोड कुणी लिहिला ते शोधण्यात घालवले. जे सापडलं ते सॉकरपेक्षा बरंच मोठं निघालं, म्हणून हा लेख.

सुरुवात करावी लागते ती थेट एकोणिसाव्या शतकापासून. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली. १८९२ मध्ये दुसरी डिव्हिजन आली आणि १८९८ पासून सरळ नियम झाला: खालचे दोन वर, वरचे दोन खाली. (सगळ्यात तळाच्या क्लबांचं भवितव्य मात्र १९८६ पर्यंत मतदानानेच ठरायचं. म्हणजे इंग्रजही काही अगदीच धुतल्या तांदळासारखे नव्हते.) अमेरिकेत याच्या १२ वर्षं आधी, १८७६ साली, बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली होती. तिचा नियम वेगळाच होता. एका शहरात एकच क्लब, शहराची वस्ती किमान ७५ हजार, आणि आत घ्यायचं की नाही ते आतले ठरवणार. लीग म्हणजे शर्यत नव्हे, लीग म्हणजे जिमखान्याची मेंबरशिप. पुढे अमेरिकेतले सगळे मोठे व्यावसायिक खेळ याच साच्यातून निघाले. कितीही हरा, बाहेर कुणी काढत नाही. आणि बाहेरच्याने कितीही जिंकलं तरी आत कुणी घेत नाही.

हे मोठ्यांचं झालं. पण हाच साचा बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या खेळात कसा उतरला?

गंमत म्हणजे तिथल्या मुलांच्या सॉकरची सुरुवात अगदी उलट टोकाला झाली. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन, म्हणजे एवायएसओ, सुरू झाली. अवघे नऊ संघ. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी बाबा, संत्र्याच्या फोडी आणणारी कुणाची तरी आई. नियम एकच पण पक्का: प्रत्येक मूल खेळणार, आणि किमान अर्धी मॅच खेळणार. दरवर्षी संघ नव्याने, समतोल पाडून करायचे, म्हणजे एकाच संघात सगळे हिरे नकोत. आपल्या सोसायटीच्या गणपतीतल्या क्रिकेटसारखा कारभार.

मग १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करता येईना, आणि त्यात खेळही आले. कॉलेजांनी मुलींचे संघ काढले, सोबत स्कॉलरशिपही आल्या. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आला आणि उपनगरातल्या पोरांना हिरो मिळाला. (हाच कॉसमॉस १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ बरोबरीत खेळून गेला, हे आपल्याकडचे जुने लोक अजून सांगतात.)

पण कॉसमॉसची लीग १९८४ च्या सीझननंतर बंद पडली, आणि १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, सुरू होईपर्यंत देशात मैदानी सॉकरची पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं. युरोपात मोठा क्लब पोरं घडवतो कारण उद्या त्यातलं एखादं पोर पहिल्या संघात खेळेल किंवा विकता येईल. म्हणजे खर्च क्लबचा. अमेरिकेत वर घ्यायला कुणीच नव्हतं. वर होतं ते फक्त कॉलेज. मग पोराला घडवायचा खर्च कुणी करायचा? आईबापांनी!

तेव्हा आठवड्याला दोनदा हौसेने शिट्टी फुंकणाऱ्या बाबांच्या जागी पगारी प्रशिक्षक आले. निवड चाचण्या आल्या. शेजारच्या राज्यात जाऊन खेळणारे "ट्रॅव्हल" संघ आले. मोहल्ल्यातला क्लब हळूहळू दुकान झाला. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. प्रशिक्षकालाही घर चालवायचं असतंच की. पण फी देणारा गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाईकाला काहीतरी दाखवावं लागतं.

काय दाखवायचं? आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. २००० च्या आसपास आपल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीला सीएमएम लेव्हल ५ पाहिजे होती, आठवतंय? कोड चांगला आहे का हे अमेरिकेतल्या क्लायंटला लांबून कळणार नव्हतं, पण बिल्ला दिसत होता. पालकांचं तसंच. तेरा वर्षांच्या मुलीला प्रशिक्षक नीट शिकवतोय का, हे कळणारे आईबाप किती? आमची ताई केमिस्ट्रीतली डॉक्टरेट, पण तिला ऑफसाइड अजून समजलेला नाही. मात्र क्लब कोणत्या लीगमध्ये आहे, हे सगळ्यांना कळतं.

बिल्ला आला तो २००७ मध्ये. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिका पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. देशाच्या संघटनेने, यूएस सॉकरने, मुलांसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी काढली. हेतू चांगला होता. पोरं मॅचेसच खूप खेळतात आणि सराव कमी करतात, ते उलटं करायचं. क्लबांनी अर्ज करायचा, संघटना पारखून घेणार. म्हणजे १८७६ चाच साचा: जिंकून आत जायचं नाही, मंजूर होऊन जायचं. यातलं काहीच अगदी मूर्खपणाचं नाही, हेही सांगायला हवं. नुसत्या गुणतक्त्यावर क्लब वर-खाली केले तर प्रशिक्षक शिकवायचं सोडून जिंकायच्या मागे लागतात, बारा वर्षांच्या आडदांड पोराला पुढे उभं करून लांब किक मारत बसतात. मैदान, प्रशिक्षक, सराव हे बघून निवडणं कागदावर तरी जास्त शहाणपणाचं आहे.

मुलींसाठी मात्र तेव्हा काहीच नव्हतं. म्हणून २००९ मध्ये ४० क्लबांनी एकत्र येऊन स्वतःचीच लीग काढली: एलिट क्लब्ज नॅशनल लीग, म्हणजे ईसीएनएल. कॉलेजचे प्रशिक्षक एका वीकेंडला एका ठिकाणी येऊन डझनभर संघ बघू लागले. बिल्ल्याला थेट स्कॉलरशिपचा वास लागला. आता शेजारच्या क्लबात बिल्ला आणि तुमच्यात नाही, तर वसंतातल्या निवड चाचण्यांना तुमच्या चांगल्या मुली तिकडे जाणार. त्या गेल्या की तुम्ही हरणार. हरलात की पुढच्या वर्षीचा अर्ज अजून लंगडा. उलट बिल्लेवाल्याकडे मुली आपोआप येणार. म्हणजे बिल्ला गुणवत्ता ओळखतो की तयार करतो, हे सांगता येईना.

२०१२ मध्ये मुलांच्या अकॅडमीने सीझन दहा महिन्यांचा केला, आणि तिच्यात खेळणाऱ्यांना शाळेच्या संघातून खेळणं जवळपास बंद झालं. अमेरिकेत हायस्कूलच्या संघातून, आपल्या वर्गातल्या पोरांसमोर, शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात खेळणं म्हणजे काय असतं ते त्यांचे सिनेमे पाहिलेल्यांना सांगायला नको. ते सोडायचं किंवा लीग सोडायची.

खरी लढाई पेटली २०१७ मध्ये. यूएस सॉकरने मुलींचीही डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, तोच शाळेचा नियम लावून. ईसीएनएल शाळेत खेळू देत होती. एका बाजूला राष्ट्रीय संघाची संघटना, दुसऱ्या बाजूला क्लबांनी स्वतः उभं केलेलं घर. काही क्लब तिकडे गेले, काही राहिले, आणि काही जाऊन परत आले. ईसीएनएलने त्याच वर्षी मुलांचीही लीग सुरू करून उत्तर दिलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेचा पुरुष संघ त्रिनिदादकडून २-१ ने हरला आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला पात्रच ठरला नाही. मग तर प्रत्येकाकडे देशाचं सॉकर वाचवायची योजना होती.

आणि १५ एप्रिल २०२० ला, कोविडच्या दिवसांत, यूएस सॉकरने दोन्ही अकॅडम्या बंद केल्या. पैसे नाहीत. १३ वर्षांची व्यवस्था एका निवेदनात संपली. त्याच दिवशी एमएलएसने आपली नवी स्पर्धा जाहीर केली, तीच पुढे एमएलएस नेक्स्ट झाली. मुलींसाठी काही आठवड्यांत गर्ल्स अकॅडमी उभी राहिली, आणि बरेच क्लब ईसीएनएलच्या दारात गेले. मैदानं बंद, मुलं घरात, एकही मॅच नाही, आणि देशभर क्लब नव्या लीगमध्ये जागा पकडत होते! लीगमधली जागा खेळून मिळत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी सापडला नाही.

आता पैशांचं. फिफाचा नियम असा की खेळाडू करार चालू असताना देशाबाहेरच्या क्लबला विकला गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. अमेरिकेत वर्षानुवर्षं हा नियम लागूच केला नाही. सिअ‍ॅटलजवळच्या क्रॉसफायर प्रीमियर या क्लबात खेळलेला डीआंद्रे येडलिन २०१४ मध्ये टॉटनहॅमने घेतला, तेव्हा क्लबने आपला वाटा मागितला. प्रकरण फिफापर्यंत गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. एमएलएसने हे पैसे आपणही मागणार असं जाहीर केलं ते २०१९ मध्ये. विचार करा, एक खेळाडू घडवल्याबद्दल क्लबला वरून पैसे येत असते, तर गरीब घरच्या पोराला फुकट शिकवणं हा धंदा म्हणूनही परवडला असता. तसं नसल्यामुळे क्लबचं उत्पन्न एकच राहिलं: पालकांची फी. आणि फी टिकवायला बिल्ला.

मग हे सगळं वाईटच का? तसंही नाही. या अकॅडम्यांतून क्रिश्चियन पुलिसिकसारखा खेळाडू निघाला. पेनसिल्वेनियातल्या हर्शीचा पोरगा, २०१९ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी ६ कोटी ४० लाख युरो मोजले. पण दुसरीकडे अ‍ॅलेक्स मॉर्गन आहे. ती आधी एवायएसओत खेळली, आणि क्लब सॉकर खेळायला लागली तेव्हा १४ वर्षांची होती. आजच्या घाईत चौदाव्या वर्षी आलेल्या मुलीला कितीजण आत घेतील?

आणि आपण तरी काय वेगळे? आचरेकर सरांनी सचिनला वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात घालायला लावलं, ते तिथला क्रिकेटचा संघ तगडा होता म्हणूनच. ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. फरक एवढाच की हॅरिस शील्डमध्ये पुढची फेरी मैदानावर जिंकावी लागायची, आणि शाळेतून खेळायला महिन्याला काही शे डॉलर लागत नव्हते.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगतो. ताई-भावजींनी महिनाभर रोज रात्री डायनिंग टेबलवर चर्चा केली. शेवटी तिला बिल्ला असलेल्या दुसऱ्या क्लबात घातलं, घरापासून ५० मिनिटांवर. आठवड्यातून चार दिवस ताई पार्किंगमध्ये बसून ऑफिसचे कॉल घ्यायची. भाची होमवर्क गाडीत करायची, जेवायचीही गाडीतच. दोन वर्षांनी तिने स्वतःच सांगितलं, आई, बस झालं. मग शाळेच्या संघातून खेळली. स्कॉलरशिप वगैरे काही मिळाली नाही. जुन्या क्लबातली तिची गोलकीपर मैत्रीण तिथेच राहिली होती, तो क्लब पुढे एका मोठ्या क्लबात विलीन झाला.

मागच्या वेळी गेलो तेव्हा मी भाचीला विचारलं, "तुला काय वाटतं, क्लब बदलला ते चुकलं का?"

ती म्हणाली, "मामा, खेळ सुधारला माझा, खरंच. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा नाही, आणि लीगमधून काढलं तेव्हाही नाही. आम्ही दुसऱ्या आलो होतो ना?"

यावर मला काही बोलता आलं नाही. सिस्टिमचा इतिहास सांगता आला असता, पण तो तिने विचारला नव्हता.