उष्माघात आणि 'शेंगमाय सान' : एका चिनी औषधी योगाच्या परीक्षेचा इतिहास

तैवानमधील संशोधकांचा एक शोधनिबंध २००५ मध्ये जपानच्या 'जर्नल ऑफ फार्माकॉलॉजिकल सायन्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भूल दिलेले उंदीर ४३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून त्यांच्यात उष्माघात घडवून आणण्यात आला आणि 'शेंगमाय सान' या पारंपरिक योगाचा परिणाम तपासण्यात आला. या औषधाने रक्ताभिसरणाचा आघात आणि मेंदूतील ऑक्सिडीकरणजन्य हानी कमी होते, असा निष्कर्ष निघाला. तो खोडून काढण्याचा येथे हेतू नाही. शतकानुशतके माणसांना दिल्या गेलेल्या औषधाची उंदरावर परीक्षा होते, तेव्हा नेमकी कशाची परीक्षा होते, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

जिनसेंग, मायमनदोंग नावाचे कंद आणि 'पाच रसांचे' म्हणून ओळखले जाणारे वूवेईझ हे फळ, एवढीच या योगाची सामग्री आहे. नावाचा अर्थ 'नाडी उत्पन्न करणारे चूर्ण' असा होतो. ली गाओ (११८०–१२५१) या वैद्याच्या १२४७ च्या ग्रंथात त्याचे विवेचन आढळते. या ग्रंथामागील अनुभव भीषण आहे. १२३२ मध्ये मंगोलांनी कायफंग नगराला वेढा घातला होता. तो उठल्यावर नगरात पसरलेल्या रोगाने असंख्य माणसे दगावली. उपासमार आणि श्रम यांनी खचलेल्या या लोकांना बाह्य कारणाने झालेल्या ज्वराचे रोगी समजून वैद्यांनी तीव्र शोधन औषधे दिली व त्यांचा बळी घेतला, असा ली गाओचा आरोप होता. उन्हाळ्यातही शरीराचे मूळ बल भरून काढावे, केवळ उष्णता काढून टाकण्याच्या मागे लागू नये, हा त्याचा आग्रह याच भूमिकेशी सुसंगत आहे. त्याच्या विवेचनात मधुर जिनसेंग बल देते, शीत कंद उष्णता शमवितो आणि आम्ल फळ तिसरी बाजू सांभाळते.

परीक्षेची कल्पना चिनी परंपरेला अपरिचित होती, असे मात्र म्हणता येणार नाही. सू सुंगच्या १०६१ मधील सचित्र वनौषधिग्रंथात एक परंपरागत चाचणी नोंदविलेली आहे. दोन माणसांना तीन ते पाच ली अंतर धावावयास लावावे. एकाच्या तोंडात जिनसेंग असावे, दुसऱ्याच्या नसावे. दुसऱ्याला जोराची धाप लागली आणि पहिल्याचा श्वास सहज राहिला, तर जिनसेंग अस्सल! तुलनात्मक प्रयोगाचे प्राचीन उदाहरण म्हणून ही नोंद आज वारंवार पुढे केली जाते. परंतु या चाचणीत जिनसेंगचा गुण गृहीतच धरलेला आहे. परीक्षा होती ती मालाच्या अस्सलपणाची. प्रयोगाची रचना ओळखीची वाटली, तरी प्रश्न निराळा आहे.

प्राण्यांवरील आधुनिक परीक्षेला मोठे यश मिळाले ते माहुआंग या वनस्पतीच्या बाबतीत. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधील के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी तिच्यातील इफेड्रिनचा कुत्र्यांच्या रक्तदाबावरील परिणाम अभ्यासून १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. एक वनस्पती, एक द्रव्य, मोजता येणारा एक परिणाम, अशी ती वाट होती. (आपल्याकडे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे सर्पगंधेवरील १९४९ चे काम थेट रुग्णांवरचे होते. तरी वनस्पती एक आणि मोजावयाचा रक्तदाबही एकच, हे साम्य लक्षणीय आहे.) तीन घटकांनी मिळून काम करावयाचा योग या वाटेत सहज बसत नाही.

उंदरांच्या प्रयोगात रक्तदाबाची घसरण हीच उष्माघाताची खूण मानली जाते. 'नाडी उत्पन्न करणारे' हे नाव धारण करणाऱ्या औषधासाठी ही कसोटी विलक्षण सोयीची आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि उंदीर माणसासारखा घाम गाळून थंड होत नाही. तो अंगावर लाळ पसरतो व शेपटीवाटे उष्णता टाकतो. भूल दिलेल्या उंदराला तर लाळ पसरणेही शक्य नसते. ली गाओसमोर होता तो उन्हाळ्याने हळूहळू खचत गेलेला, घामाने रिता झालेला, श्वास मंदावलेला माणूस. प्रयोगपेटीत होता तो तासा-दीड तासात कोसळणारा निरोगी प्राणी. दोघांच्या स्थितीला आपण 'उष्माघात' हा एकच शब्द वापरतो.