छायाचित्रातली पाच मुले

९ जुलै १९३७. लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर ईटन आणि हॅरो या शाळांचा वार्षिक क्रिकेट सामना सुरू होता. मैदानाबाहेर जिमी साइम या वृत्तछायाचित्रकाराने पाच मुले टिपली. त्यांतले दोघे हॅरोचे : उंच काळी टोपी, मागे लांब शेपटाचा कोट, हातात छडी. शेजारी साध्या कपड्यांतली तीन स्थानिक मुले त्यांच्याकडे मिस्कीलपणे पाहताहेत. दुसऱ्या दिवशी ‘न्यूज क्रॉनिकल’ने हे चित्र पहिल्या पानावर छापले. तेव्हापासून इंग्लंडातील वर्गभेदाचा विषय निघाला की हेच चित्र पुढे येते.

हॅरोसारख्या शाळांना तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या श्रीमंतांच्या खासगी निवासी शाळा. पण चित्रातला पोशाख तिथेही रोजचा नव्हे. एरवी ही मुले निळा कोट आणि गवती टोपी घालत. हा थाट रविवारचा आणि लॉर्ड्‌सचा. त्या तिघांचे दारिद्र्यही आपणच कल्पिलेले. ती जवळच्या चर्चच्या शाळेतली मुले. सकाळी दंतवैद्याकडे जाऊन आल्यावर शाळेला दांडी मारून, प्रेक्षकांची किरकोळ कामे करून चार पैसे मिळवायला ती तिथे आली होती.

पुढे पत्रकार इयान जॅक यांनी पाचही जणांच्या आयुष्यांचा माग काढला. हॅरोचा एक विद्यार्थी वर्षभरातच आई-वडिलांना भेटायला हिंदुस्थानात आला आणि सिकंदराबादजवळच्या त्रिमुलघेरी छावणीत घटसर्पाने दगावला. दुसरा शेअर दलाल झाला, पण १९८४ मध्ये मनोरुग्णालयात वारला. ती तिघे मात्र आपापल्या कामधंद्यात, संसारात स्थिरावली.

यावरून ‘दैवापुढे सगळे सारखे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा ठरेल. घटसर्पाने हॅरोचा दरवाजा कोणासाठी उघडला नाही. शाळांमधली दरी खरी होती, आजही आहे. मात्र तिचा पुरावा शुल्काच्या आकड्यांत, प्रवेशाच्या नोंदींत आणि पुढे सत्तेच्या खुर्च्यांवर कोण बसले यात शोधायला हवा. एका दुपारच्या टोपीत तो सापडत नाही. छायाचित्र क्षण जपते. त्याचा अर्थ मथळा ठरवतो. इतिहास लिहिणाऱ्याने आधी मथळा झाकून चित्र पाहावे आणि मग मुलांची नावे विचारावीत.