वहनीय स्पॉट वेल्डरसाठी बॅटरी निवडताना : क्षमतेपेक्षा रोध महत्त्वाचा

बडोदे : विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा बॅटरी-संच उघडला, की आत अनेकदा दंडगोलाकार सेलच्या रांगा दिसतात. त्यांपैकी ‘१८६५०’ हे माप सर्वपरिचित आहे : १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. या सेलना निकेलच्या पातळ पट्टीने एकमेकांशी जोडतात. ही पट्टी डाख देऊन बसवणे योग्य नाही. डाखणीची उष्णता सेलच्या आत शिरते आणि त्याचे आयुष्य घटवते. म्हणून स्पॉट वेल्डर वापरतात. तो काही मिलिसेकंदांपुरताच प्रचंड विद्युतप्रवाह सोडतो. पट्टी आणि सेलचे आवरण नेमक्या बिंदूवर वितळून एकजीव होतात आणि उरलेला सेल थंड राहतो.

बडोद्याला विद्युत-कारागिरीची जुनी परंपरा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले होते. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा ही त्याच संस्थेची वारसदार. रोहित्रे आणि विद्युत उपकरणे बनवणारे कारखाने, मकरपुऱ्यातील ‘एर्डा’ ही विद्युत संशोधन संस्था आणि विजेच्या दुचाकींचे उत्पादन यांमुळे ही परंपरा टिकून आहे. विजेची वाहने गोव्याच्या रस्त्यांवरही वाढत असल्याने हा विषय आपल्याकडील दुरुस्ती-कारागिरांनाही तितकाच जवळचा आहे.

घरगुती विजेवर चालणारा रोहित्राचा वेल्डर जड असतो आणि साध्या घरगुती जोडणीवर त्याचा भार पेलत नाही. वहनीय वेल्डरमध्ये मॉस्फेटचे एक छोटे मंडल आणि बाहेरून जोडलेली बॅटरी एवढेच असते. खरा प्रश्न या बॅटरीचाच.

रोधाचा हिशेब

बॅटरी घेताना आपली नजर प्रथम अँपिअर-तासांवर जाते. येथे ती सवय दिशाभूल करते. समजा, मोटारीची १२ व्होल्टची चांगली बॅटरी घेतली. तिचा प्रत्यक्ष दाब १२.६ व्होल्ट, अंतर्गत रोध ६ मिलिओहम आणि तारा, मंडल व जोडबिंदू यांचा मिळून रोध ५ मिलिओहम धरू. एकूण ११ मिलिओहममधून सुमारे ११४५ अँपिअर प्रवाह वाहील. जोडबिंदूचा रोध २ मिलिओहम आणि स्पंदाचा काळ ५ मिलिसेकंद धरल्यास त्या बिंदूवर सुमारे १३ जूल उष्णता निर्माण होते.

आता तिच्या जागी यूपीएसमधील ७ अँपिअर-तासांची बॅटरी लावू. तिचा अंतर्गत रोध २२ मिलिओहम मानला, तर प्रवाह सुमारे ४६५ अँपिअरवर येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जेमतेम २ जूल, म्हणजे सहाव्या हिश्श्याएवढीच उरते. दाब तोच असूनही पट्टी नुसती चिकटल्यासारखी दिसते आणि धक्का बसताच सुटते.

साठ्याची चिंता मात्र फारशी करावी लागत नाही. एका जोडाला एकूण सुमारे ७२ जूल ऊर्जा लागते. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १७ लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे कागदावर तरी २० हजारांहून अधिक जोड. म्हणून निवडीचा पहिला निकष साठा नव्हे, तर कमी अंतर्गत रोध.

चार पर्याय

मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी : सहज मिळते आणि चुका सहन करते. तिच्या वेष्टनावरील ‘सीसीए’ हा आकडा पाहावा. उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती प्रवाह देता येतो, ते हा आकडा सांगतो. तो जितका मोठा, तितका अंतर्गत रोध कमी. वजन हा तिचा दोष. भारित होताना हायड्रोजन वायू निघत असल्याने जागा हवेशीर हवी.

लिथियम-पॉलिमर संच : ड्रोन आणि खेळण्यातील विमानांसाठी मिळणारा तीन सेलचा संच हलका असतो. सेलमागे २ मिलिओहम धरले, तरी एकूण रोध ६ मिलिओहमच होतो. मात्र वेष्टनावरचा ‘सी’चा आकडा अनेकदा फुगवलेला असतो. सेल फुगला, भोसकला गेला किंवा अतिभारित झाला, तर आग लागू शकते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा वेळी बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तो ठेवू नये. वापर नसताना प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा.

१८६५० सेलचा घरगुती संच : हा पर्याय टाळावा. सहा समांतर सेलवर १००० अँपिअर भार टाकला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६७ अँपिअर येतात. दमदार सेलही सातत्याने २० ते ३० अँपिअरांसाठीच बनवलेले असतात. संरक्षक मंडल असलेल्या तयार लिथियम बॅटरीचीही अडचण आहे : ते मंडल एवढा प्रवाह दिसताच पुरवठा तोडते. ते काढून टाकणे म्हणजे सुरक्षेचा बांध फोडणे.

महाधारित्र : ३००० फॅरडची, २.७ व्होल्टची दोन महाधारित्रे एकसर जोडली, की ५.४ व्होल्टला सुमारे २२ हजार जूल साठतात. त्यांचा रोध इतका अल्प असतो, की वरच्याच ५ मिलिओहमच्या मंडलातून सुमारे ९६० अँपिअर मिळतात. लिथियमच्या तुलनेत आगीची भीती कमी आणि आयुष्य दीर्घ. मात्र किंमत अधिक, दोन्हींवरचा दाब समान ठेवावा लागतो आणि वेल्डरचे मंडल कमी दाबावर चालणारे असावे लागते.

जोडण्यापूर्वी

मंडलाची दाबमर्यादा पाहिल्याशिवाय बॅटरी लावू नये. तीन सेलचा लिथियम-पॉलिमर संच पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवतो, तर चार सेलचा लोह-फॉस्फेट संच १४.६ व्होल्टपर्यंत चढतो. जोर वाढवण्यासाठी दोन बॅटऱ्या एकसर जोडणे हा मॉस्फेट जाळण्याचा हमखास मार्ग. प्रवाह फार वाढल्यास सेलच्या आवरणाला भोकही पडू शकते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १.१ मिलिओहम असतो. तारा आखूड किंवा लांब करून प्रवाह आटोक्यात आणता येतो.

प्रत्येक बदलानंतर टाकाऊ सेलवर चाचणी घ्यावी. पट्टी पकडीने उपटल्यावर ती फाटली आणि निकेलचा तुकडा सेलवरच राहिला, तर जोड पक्का. पट्टी सफाईने निघून आली, तर तो जोड वापरायोग्य नाही.

हा आग्रह अनाठायी नाही. २०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर ‘एआयएस-१५६’ या मानकातील बॅटरीविषयक नियम कठोर करण्यात आले. कच्च्या जोडाचा रोध जास्त असतो. वाहन चढावर असताना तोच बिंदू तापतो आणि ती उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचते. दुरुस्त केलेल्या संचावर घरातली माणसे स्वार होणार असतात. म्हणून स्थिर दुकानासाठी मोटारीची बॅटरी, फिरत्या कामासाठी दक्षतेने हाताळलेला लिथियम-पॉलिमर संच आणि सततच्या कामासाठी महाधारित्र, असा क्रम ठेवणे हिताचे. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पुनर्वापरासाठी परत द्यावी.